गोमुखातला बोळा

काळ्या दगडाला ऑइलपेंट फासणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, असा अर्ज मी निवृत्त झाल्यावर लगेचच केला होता. उत्तर आले. विषय रंगकामाचा असल्याने अर्ज बांधकामाकडे वर्ग करण्यात आला आहे, असे त्यात कळवले होते. बांधकामाने तो पुढे कोणाकडे वर्ग केला, हे मला आजतागायत समजलेले नाही. माझी सगळी नोकरी जिल्ह्यातल्या न्यायालयांत कागद सांभाळण्यात गेली. कागद कसा निजवला जातो, हे मी फार जवळून पाहिले आहे. तरीही मी लिहितो, कारण जाहीर सूचनेच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते: मुदतीत हरकत न आल्यास कोणाचीही हरकत नाही असे समजण्यात येईल. माझी हरकत आहे. ती नोंदवल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही.

जुनी देवळे पाहत हिंडण्याचा नाद मला उतारवयात लागला. छत्री, पाण्याची बाटली आणि फुटाण्यांची पुडी घेऊन मी एसटीत बसतो, फाट्यावर उतरतो आणि विचारत विचारत जातो. आमच्या वाशीम जिल्ह्यात अशी देवळे कोठे असतील याचा नेम नाही. तुरीच्या शेतात असतात, नाल्याच्या काठाला असतात, गावाबाहेर उकिरड्याला लागून असतात. फलक नसतो, कुंपण नसते. बहुतेक ठिकाणी मला उशीर झालेला असतो. खांबावरच्या नर्तिकांना कोणी पिवळी लुगडी आणि लाल ओठ रंगवून दिलेले असतात. वीरगळाचा दगड हापशीखाली धुणे आपटण्यासाठी टाकलेला असतो. एका टेकडीच्या कुशीतला झरा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो कपारीतून हातावर पडत असे; दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याच्यासमोर सिमेंटची टाकी उभी होती, टाकीवर देणगीदारांची नावे होती आणि टाकी कोरडी होती. पाण्याने आपली वाट बदलली होती. ते त्याने योग्यच केले, असे मला वाटले.

या सगळ्यांत एक देऊळ माझ्या लेखी वेगळे होते. मालेगावहून जऊळक्याकडे जाताना आत वळल्यावर एक लहान गाव लागते. माझी मोठी बहीण त्या गावात दिलेली. तिला आम्ही लहानपणापासून बाईच म्हणतो. मेहुणे गेले, मुलगा दूर नोकरीला लागला आणि बाई एकटीच्या जोरावर शेती करत राहिली. गावाच्या वरच्या अंगाला टेकडीला टेकून ते महादेवाचे देऊळ आहे. शेजारी पायऱ्यांचे चौकोनी कुंड, कुंडावर वाकलेला उंबर. त्या उंबराला गावात कोणी कोयता लावत नाही. वाळलेली फांदीही आपोआप पडेल तेव्हाच उचलायची. गाभारा सभामंडपाहून पुष्कळ खोल, काही पायऱ्या उतरून जाण्याचा, आणि त्याचे पाणी बाहेर जाण्यासाठी उत्तरेच्या भिंतीत दगडी गोमुख. मी पाहिलेल्या सगळ्या गोमुखांत ते सर्वांत देखणे होते. कानांच्या कडांना शिरा कोरलेल्या होत्या. खालचा ओठ किंचित पुढे आलेला, एखादी गाय पाणी पिऊन मान वर करते तेव्हा दिसतो तसा.

या देवळात महादेव कोंडतात. पाऊस लांबला की गाव जमते. गोमुखात चिंध्या आणि काळी माती यांचा बोळा ठोकून बसवतात आणि कुंडातले पाणी हंड्याहंड्याने गाभाऱ्यात ओततात. पिंडी बुडते, पाणी उंबरठ्याला लागते आणि देव अडकतो. पाऊस येईपर्यंत सुटका नाही. पाऊस आला की मात्र क्षणाचाही विलंब चालत नाही. जो जवळ असेल त्याने धावत जाऊन बोळा ओढायचा, गोमुखातून सुटलेले पाणी प्रत्येक घराने तांब्यात धरायचे आणि आपापल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन ओतायचे. मगच पेरणी.

हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो थट्टेचा वाटला होता. पुढे विचार करता माझे मत बदलले. अटकेचे कारण स्पष्ट, अट स्पष्ट, आणि अट पूर्ण होताच सुटका. तारीख पडत नाही, जामीनदार लागत नाही, शिपायाला चहा पाजावा लागत नाही. इतका चोख कारभार मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिला नव्हता.

मग देवस्थान समितीच्या मनात जीर्णोद्धार आला.

समितीचा अध्यक्ष चाळिशीचा, मालेगावात त्याचे बीबियाण्यांचे दुकान. स्वभावाने वाईट नाही. वाईट माणसाशी भांडणे सोपे असते. मी गेलो तेव्हा देवळापुढे फरशांची खोकी उतरवली जात होती आणि तो मोटारसायकलवर आडवा बसून देखरेख करत होता.

"काका, देऊळ कसं चकचकीत पाह्यजे," तो म्हणाला. "पोरंसोरं फोटो काहाडतात. आत शेवाळ आहे, मागच्या साली एक म्हातारी पडली."

"शेवाळ घासून निघते. फरशीवर पाय अधिक घसरतो."

"न घसरनारी आनली."

मी त्याला शांतपणे समजावून सांगितले. आपल्या कायद्यात देवता ही व्यक्ती आहे. तिच्या नावे जमीन असते, तिच्या नावे दावा चालतो. मात्र ती कायमची अज्ञान, म्हणजे वयात न आलेली, धरली जाते. तिचा कारभार पाहणारे हे तिचे पालक असतात, मालक नव्हेत, आणि तिच्या अहिताचे त्यांना काहीही करता येत नाही.

पारावर बसलेली माणसे कान देऊन ऐकत होती. अध्यक्ष त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "ऐकलं का? देवाले अज्ञान हे म्हनून राह्यले, आन पाप आपल्या माथी."

पार हसला. मीच तेवढा हसलो नाही.

फरशी बसवणारा मिस्त्री कारंज्याचा, मुसलमान, हाताचा साफ. त्याला मी गोमुखाबद्दल विचारले. त्याने थापी खाली ठेवली.

"चाचा, मले फरशी बसवाले बलावलं," तो म्हणाला. "देवाशी माही वळख नाही. पन लेव्हल बराबर देतो, बेफिकीर राहा."

गोमुखाचे काय करायचे, हे समितीचे ठरले होते. चिंध्यांचा बोळा घाणेरडा दिसतो, शिवाय त्या भोकातून साप आत येतो. तेव्हा आतल्या जुन्या दगडी पन्हळीत प्लास्टिकचा पाइप बसवायचा, भोवती सिमेंट भरायचे आणि गोमुखाच्या तोंडाशी नळाची चावी लावायची. देव कोंडायचा तर चावी बंद, सोडायचा तर चावी उघडी. अध्यक्षाने ती पितळी चावी खिशातून काढून मला दाखवली. एखाद्याने नातवाचे खेळणे दाखवावे तशी.

मी त्याच आठवड्यात तीन ठिकाणी लिहिले. एका कार्यालयाने कळवले की सदर वास्तू संरक्षित यादीत नाही. यादीत कशी घ्यावी, असे विचारले, तर ग्रामपंचायतीचा ठराव हवा असे उत्तर आले. ग्रामपंचायतीत अध्यक्षाचा भाऊ. तिसऱ्या ठिकाणचे उत्तर येईपर्यंत गाभाऱ्यात पांढरी फरशी चमकत होती आणि गोमुखाच्या तोंडात, सिगारेट धरावी तशी, पितळी चावी होती.

त्यापुढच्या उन्हाळ्यानंतर मृगाचे ढग आले आणि कोरडेच निघून गेले. गावाने महादेव कोंडला. हंडे वाहण्याचे कष्ट वाचावेत म्हणून या वेळी कुंडात मोटर टाकली होती. बटण दाबले आणि देव बुडाला. बाई मला फोनवर म्हणाली, "इतक्या लवकर तं गुरं बी पानी पेत नाही."

काही दिवसांनी पाऊस आला, आणि असा आला की रात्रीतून नाले भरले. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेलो. देवळाभोवती गाव उभे होते. अध्यक्ष चावी पूर्ण उघडून बसला होता आणि तिच्यातून एक थेंब येत नव्हता. बेलाची पाने, अबीर, नारळाच्या शेंड्या, मोटरीने उपसलेला कुंडातला गाळ, सगळे पाइपात जाऊन बसले होते. बाहेरून तार घातली तर ती थोडे आत जाऊन अडे, कारण मिस्त्रीने पाइपाला आत एक वाकण दिले होते. एक माणूस गाभाऱ्यात उतरून पाइपाचे तळाचे तोंड चाचपून आला. तोंड मोकळे होते. तुंबले होते ते भिंतीच्या पोटात.

"मोटर लावू," अध्यक्ष म्हणाला. "वरून उपसून टाकू. हाय काय त्याच्यात."

बायकांमधून बाई पुढे आली. अंगावर भिजलेले लुगडे, हातात रिकामा तांब्या.

"चोराले काहाडते तसं भिताडावरून काहाडतं काय देवाले?" ती म्हणाली. "ज्या दारानं कोंडला त्याच दारानं निंगन तो."

म्हाताऱ्या बायकांनी मान हलवली. तरुण मंडळी मोबाइल पाहू लागली. संध्याकाळपर्यंत निकाल लागला नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत निम्म्या गावाने तांब्या न भरताच ट्रॅक्टर शेतात घातले. बाईने घातला नाही. पाऊस उघडला होता, ऊन तापत होते आणि काळ्या जमिनीचा वाफसा, पेरणीजोगी ओल, कोणासाठी थांबत नाही. तिच्या धुऱ्यावर उभे राहून मी ढेकूळ हातात घेतले, तेव्हा ते बोटांना चिकटले नाही. फुटले. बियाण्याची पोती ओसरीत तशीच होती. ट्रॅक्टरवाला दोनदा येऊन गेला.

"बाई, पेरून घे," मी म्हणालो. "या रूढीला कायद्याचे बंधन नाही."

"घरी तरी मानसासारखं बोलत जाय," ती म्हणाली. "त्याले आपन बोलावलं. तो आला. आता त्याले तसाच पान्यात ठिवून मी पेरू?"

माझेही मत तेच होते. अट पूर्ण झाल्यानंतरची कोंडी ही बेकायदेशीर. मी तसा अर्ज त्याच रात्री लिहिला आणि सकाळी वाशीमला जाऊन स्वतः दिला. तिथल्या कचेरीतल्या मॅडमनी तो वाचून विचारले की कोंडलेली व्यक्ती कोण. मी सांगितले. त्यांनी पोच दिली.

परत आलो तेव्हा कारंज्याहून मिस्त्रीला बोलावून आणले होते. तो गोमुखापुढे उकिडवा बसला आणि त्याने सिमेंटच्या कडेवरून बोट फिरवले.

"पाइप काहाडाचा तं गोमुख फुटीन," तो म्हणाला. "सिमिटानं दगड धरला. आता तो सोडत नाही."

तेथे सगळे स्पष्ट झाले. माझ्यापुढेही आणि बाईपुढेही. मी तिला बाजूला घेऊन उंबराखाली उभे केले. म्हणालो, हे गोमुख पुन्हा होणार नाही. ते घडवणारे हात आता नाहीत. उन्हाळ्यापर्यंत थांबा. गाभाऱ्यातले पाणी आटेल, मग आतून फरशी फोडून पाइप सावकाश मोकळा करता येईल. मी रीतसर आदेश आणतो.

"उन्हाळ्यापर्यंत?"

"फार तर."

"तुह्या कोर्टात जमानत नाही भेटली तं लोकं सालोसाल बसून राह्यतात. तसं?" तिने माझ्याकडे पाहिले. "सकाळी तू त्याच्या सुटकेचा अर्ज देऊन आला. आता तूच म्हनतं राहू द्या. तुले गोटा पाह्यजे, भाऊ. मले पेराचं आहे."

"तो गोटा नाही."

"मंग काय आहे?"

मी सांगू लागलो. कानांच्या शिरा, ओठाची ठेवण, इतक्या शतकांचे पाणी. मी बोलत असतानाच ती निघाली. मिस्त्रीच्या पिशवीजवळ जाऊन तिने छन्नी आणि हातोडा उचलून त्याच्यापुढे धरला. मिस्त्री उठून मागे सरला.

"मी नाही मारत, अम्मा," तो हळूच म्हणाला. "फरशी तुमी म्हनान तिथं बसवतो. पन देवाच्या गोट्यावर हातोडा मारताना माहा फोटो नाही पाह्यजे."

अध्यक्ष जमिनीकडे पाहत होता. मिस्त्री आपल्या मोटारसायकलीपाशी जाऊन देवळाकडे पाठ करून उभा राहिला. त्या गर्दीत तो एकटाच कायद्याचा विचार करत होता, आणि त्याला तो कोणी शिकवावा लागला नव्हता.

पहिला घाव बाईने घातला. त्याने काही झाले नाही. तिच्या हातात तेवढे बळ उरलेले नव्हते. पण ती दुसऱ्यांदा हातोडा उचलते आहे असे पाहून तीन-चार जण धावले आणि त्यांनी लोखंडी सब्बल घेतली. मी मोठ्याने हरकत नोंदवली. कोणाकोणाच्या समक्ष नोंदवली, हे मला आजही सांगता येईल. सिमेंट निघाले, पाइप निघाला आणि त्याला घट्ट धरून गोमुखाचा खालचा ओठ आणि डावा कान निघाला. मग पाणी आले. काळे, बेलपानांनी भरलेले, आंबूस वासाचे. बायका तांबे घेऊन वाकल्या. बाईने तांब्या भरला, पदर सावरला आणि माझ्या अंगावरून धुऱ्याकडे निघून गेली. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

संध्याकाळी तिने पेरले. वाफसा गेला होता. सोयाबीन विरळ उगवले.

मी तक्रार लिहायला बसलो. गैरअर्जदारांत समिती होती, अध्यक्ष होता, सब्बल धरणारे होते. परंतु घाव घालणाऱ्यांचा क्रम लावायचा तर पहिले नाव माझ्या बहिणीचे येत होते, आणि ते वगळायचे तर तक्रारीत वस्तुस्थिती दडवली असे होते. वस्तुस्थिती दडवलेला कागद मी नोकरीत कधी पुढे सरकू दिला नाही. त्यामुळे ती तक्रार गेली नाही. एवढ्या वर्षांत न गेलेली ती एकच. माझी हरकत नव्हती असे आता समजण्यात येईल.

वर्षभर आम्ही बोललो नाही. भाऊबीजेला मी गेलो, ओवाळून घेतले आणि परत आलो.

यंदा पुन्हा पाऊस लांबला. बाईचा फोन आला. "देव कोंडून राह्यलो. पानी थांबत नाही. ये."

मी गेलो. गोमुखाच्या जागी आता एक ओबडधोबड भोक आहे. बोळा ठोकून बसवत, पण तो ज्या ओठाला अडकून राहत असे तो ओठच नव्हता. आतून पाण्याचा भार आला की बोळा घसरून बाहेर पडे. मोटर या वर्षी कोणी आणली नव्हती. बायका हंडे ओतत होत्या आणि ओतलेले पाणी भोकातून निघून चालले होते. अध्यक्ष लाकडाची फळी टेकवून पाहत होता.

"काका, जल्दी सेट होनारं सिमिट भेटते आता," तो मला म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिले. त्याने फळी खाली ठेवली.

"इथं बस," बाई मला म्हणाली.

"कशासाठी?"

"बोळा धर. मानसं टेकडीवरून दगडं आनाले गेले. तोपर्यंत."

मी आजवर कोणत्याही देवळात फूल वाहिलेले नाही. मी दगड पाहायला जातो. पण ती समोर उभी होती आणि तिच्या कमरेवर हंडा होता. मी माझा दुपट्टा काढला, त्यात काळी माती गुंडाळली, भोकात कोंबली आणि जोत्याला पाठ लावून तळवा दाबून बसलो. आत हंडे रिकामे होण्याचा आवाज येत होता. पाणी दगडापलीकडे चढत होते ते तळव्याला कळत होते. थंड, आणि हळूहळू जड. समोर उंबराच्या बुंध्याशी तो तुटलेला कान उभा करून ठेवला होता. त्याच्यावर शेंदूर चढला होता, चांदीचा वर्ख चढला होता. शिरा बुजल्या होत्या. आणखी काही वर्षांनी त्याला नाव पडेल, नवस सुरू होतील, आणि कोणी त्याच्यावर पत्र्याचे छप्पर टाकील.

"वकीलसाहेब," एक म्हातारी हंडा घेऊन जाताना म्हणाली, "आरोपी सुटू देऊ नका बरं."

मी वकील नाही, हे मी या गावात अनेकदा सांगितले आहे.

आभाळ स्वच्छ होते. कोठे ढगाचा ठिपका नव्हता. माणसे दगड घेऊन येण्याचे चिन्ह नव्हते. मनगटापासून कोपरापर्यंत गारठा चढत गेला आणि बोटे कोठे संपतात ते कळेनासे झाले.

"बाई," मी हाक मारली. "हात बधिर होऊन राह्यला."

ती गाभाऱ्याच्या दारातून डोकावली. हंडा अजून तिच्या कमरेवरच होता.

"मंग दुसरा लाव," ती म्हणाली.

मी हात बदलला. बदलताना निसटायचे तेवढे पाणी निसटले, माझे धोतर भिजले, आणि आतून कोणीतरी ओरडून विचारले की पानी काहून उतरून राह्यलं.